डबी वाजू नये म्हणून

अकरा वर्षं झाली,
डबी वाजू नये म्हणून मी तिला फोम गुंडाळते.
पॅकिंगवर केळीच्या दोन फण्यांमधे घालतात तो,
पातळ, पांढरा. माल आखाताला जातो, डाग पडू नये.
ठेकेदार विचारतो, एवढासा तुकडा नेऊन करतेस काय कोकिळाबाई?
मी म्हणते, काचेच्या बांगड्या ठेवते.

मे महिना. चोपडा.
मुलींच्या वसतिगृहात आता आम्ही.
खोली सात, खाट तिसरी.
भिंतीवर कुण्या पोरीनं पेन्सिलीनं अर्धवट पाढा लिहिलाय,
खाली छापील सूचना: रात्री नऊनंतर बोलू नये.
कूलर तीच ऊन हवा
या खाटेवरून त्या खाटेवर नेऊन टाकतो.

इथं सगळ्यांचा कप वेगळा.
ताट वेगळं, ताटाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव.
बाया रडतात. जावेनं पाणी लांबून सरकवलं म्हणतात,
सख्ख्या भावानं फोन उचलला नाही म्हणतात.
मी ऐकते.
माझा कप अकरा वर्षांपासून वेगळाय,
त्याचा कान तुटला तरी कुणी दुसरा आणला नाही.
हसू येतं,
मग खोकला.

आणि जो तो आकडा विचारतो.
तुझा किती? ब्याण्णव.
तिचा? अठ्ठ्याऐंशी.
आकड्यांची मला सवय आहे. जळगावला, सिव्हिलच्या
त्या मागच्या खिडकीवर माझ्या पेशी मोजून देतात.
सहाशे चाळीस आल्या त्या दिवशी
स्टँडवर एकटीनं बसून भरीत-पुरी खाल्ली होती.

डॉक्टर किटमधे. चेहरा नाही.
पाठीवर निळ्या मार्करनं: भिरूड.
बीपी?
नाही.
शुगर?
नाही.
आणखी काही?
मागं वॉर्डबॉय उभा, माझ्या नणंदेच्या गावचा.
नाही.

चौथ्या रात्री शहाऐंशी.
आता नवीन औषध सुरू करायचं, भिरूड म्हणाले,
घरचं काही चालू असेल तर सांगा,
औषधं औषधांशी भांडतात कधी कधी.
तोंडावर मास्क, मास्कमधे सूं सूं.
'नाही' म्हणायला श्वास कमी लागतो.
दुसरं सगळं सांगायला तो उरलाच नव्हता.
उशीखाली हात घातला,
फोम सोडला,
आणि डबी हलवली.

सहाच गोळ्या होत्या.
शेंगेतल्या वाळल्या तुरीसारख्या वाजल्या.
एवढा मोठा आवाज असतो त्यांचा,
मला माहीत नव्हतं.

त्यांनी डबी उजेडात धरली, वाचली.
ही बंद करायची नाही, म्हणाले. एक दिवसही नाही.
फाइलीत बारीक काहीतरी लिहिलं
आणि खाटेच्या पाटीवर काहीच लिहिलं नाही.
ते न लिहिलेलं
मी रात्रभर वाचत पडले.

सहा गोळ्या, सहा रात्री.
सातव्या दुपारी फाटकावर मोटारसायकल थांबली.
सेंटरचा जुम्मा तडवी, तोंडाला गमछा, डोळे धुळीनं लाल.
अडावदच्या नाक्यावर अडवलं, म्हणे.
पोलीस विचारतो कशाचं औषध?
मी म्हटलं, साहेब, रोजचं.

शेजारच्या खाटेवर पारोळ्याची दगूबाई.
दिवसभर डोळे मिटलेले, नळीतून श्वास.
नऊचा गजर मी मुका करून ठेवते,
मोबाईल नुसता थरथरतो पत्र्याच्या कपाटावर.
त्या रात्री माझा डोळा लागला होता.
"ऊठ वं माय, तुनी गोयीनी येळ व्हयनी."
मी गप्प.
"मनी सून बी हाईच खाये."

खाये.
तेवढंच बोलली आणि भिंतीकडे वळली.

मी गोळी घेतली, पाणी प्याले.
सलाइननं तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता.
उशाशी फोम पडला होता, तो चौपदरी घडी केला
आणि तिच्या मनगटाखाली सरकवला.