मधले पाय

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली.
मागच्या पायाला उलटा गुडघा दिला
आणि कूसामोच्या ओउतीने पडद्याकडे बघून विचारलं,
"याला कुणी मारलं?"

मग कुंपणात नेऊन तिने रेनडिअरचा पाय उचलून दाखवला.
हा घोटा. गुडघा तो वर, पोटाशी, केसांत लपलेला.
हे जनावर आयुष्यभर नखांवर चालतं,
टाच म्हणून कधी टेकवत नाही.
आणि पुढचे पाय?
हाडाने हाडाला बांधलेलेच नाहीत.
दोन फऱ्यांच्या मधोमध
मांसाच्या झोळीत लटकलंय सगळं धड.
उणे एकोणीस होतं. मी हातमोजा काढून
तळवा ठेवला फऱ्यावर.
ती चालली तसा तो कातडीखाली सरकला,
रजईच्या आत कुणी कूस बदलावी तसा.
प्रत्येक पावलाला घोट्यात बारीकशी टिक्.
"बर्फाच्या वादळात," ओउती म्हणाली,
"डोळे मिटून ऐकत चालतात एकमेकांना."

ओउलूला परतले. फाईलीत त्याचं नाव श्वापद_०७.
सहा पाय, डोळे नाहीत, शेपटी दुभंगलेली.
एका संध्याकाळीत काढलं होतं कुणीतरी;
काढणाऱ्याचं काय जातं,
कागदाला सांधे लागत नाहीत.

दोनशे चौदा हाडं घातली.
मग कातडीच्या एकेका ठिपक्याला विचारत बसले,
बाई, तू कुणाची?
मांडीची किती, पोटाची किती?
हिशेब पुरा एक भरावा लागतो.
बेवारस राहिलेला ठिपका
जनावर पळालं की मागेच थांबतो, शून्यापाशी,
आणि अख्खी कातडी त्याच्याकडे ताणली जाते.

मधले पाय मात्र जमेनात.
ते कधी पडतात, हे सांगणारं
एकही जनावर नव्हतं साऱ्या फिनलंडात.
शेवटी गालिच्यावर
वेइक्को पुढे, मी मध्ये, हिशेबखात्यातली साइमी मागे,
एकमेकांच्या कमरा धरून
कॉफी मशीनपर्यंत गेलो आणि परत आलो.
साइमी हसून हसून दोनदा पडली.
पण मला कळलं.
मधल्याला पुढचं काही दिसत नाही,
त्याला फक्त ओढ लागते
आणि मग ढकलणं,
म्हणून त्याचं पाऊल अर्धा ठेका उशिरा.
मी तेवढा उशीर लिहून टाकला.
घोट्यात टिक् पण ठेवली, कुणी मागितली नव्हती तरी.

वेइक्कोने त्याला पळवलं, झेप घ्यायला लावली,
मरायलाही शिकवलं.
खेळात ते साधारण पाऊण मिनिट जगतं.

डिसेंबरातल्या शुक्रवारी रासमुसची तक्रार आली, क्रमांक ३११८:
मेल्यावरही श्वास घेतो.

बरोबर होतं. श्वासाचा कंट्रोलर वेगळा, छातीत खोल,
मरणाचा हात तिथवर पोचलाच नव्हता.
उघडून बघितलं.
बर्फावर पडलंय, सहाही पाय कसेही,
आणि बरगड्या वर, खाली, वर.
तो श्वास नाही, मला माहीत आहे.
गणिताची एक लाट आहे,
ओउतीच्या मादीची कूस मोजून
मीच बसवलेली.
एका रकान्यात शून्य लिहायचं, की झालं.
अडीच वाजले होते, बाहेर अंधार.
साइमी कोट घालून दारातून म्हणाली, "हिल्क्का, येतेस?"
म्हटलं, तू हो पुढे.

शून्य लिहिलं.
पण एकदम नाही. चाळीस फ्रेम घेतल्या,
शेवटच्या नऊ जवळजवळ सपाट.

सोमवारी रासमुसचा शेरा होता:
दुरुस्त.
खाली, बारीक अक्षरांत:
थोडा वेळ घेतो.