कलाकार अज्ञात

केळीच्या नऊ खोक्यांत सीड्या.
रात्री अकरानंतरच लावतो एकेक,
दिवसा चोपड्याच्या उन्हानं ड्राइव्हच तापतो.

यंत्र विचारतं, गायक कोण?
बहुतेकांची नावं त्यालाच ठाऊक.
एका चकतीवर मात्र फक्त स्केचपेन :
यमू, हळदीची गाणी.
कलाकार अज्ञात, म्हणालं.
मी टाइप केलं :
यमुना दगा बाविस्कर.
मधला खोकला, कुणाचं तरी ताट पडलेलं,
सगळं धरून सहा मिनिटं चाळीस सेकंद.

उतरवून झालेल्या भिकननं नेल्या,
दादरच्या शेतात दोऱ्यांना टांगायला.
यमूचीही गेली त्यात.

काल त्याचा फोन :
भाऊ, पाखरे उनातच नहीत.
आणि ती स्केचपेनवाली?
ती इहिरजोडे बांधी,
तठे वारा शे.