सातशे बारा नंबरचा निळा

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
ती पोरगी टेबलावर तीन खोकी मांडते,
दुकानात साड्या मांडाव्यात तशी. फक्त गादी नाही.
हे आपल्याकडचं. हे बाहेरचं.
ह्यात जवळ-लांब दोन्ही, पण अण्णा,
रात्री दिव्याभोवती कडं दिसेल, चालेल ना?
चालेल की. रात्री मी कुठं जातो.

भिंग म्हणे मसुराच्या डाळीएवढं.
बाहेरच्या डाळीला माझी दोन वर्षांची पेन्शन.
नरसम्मा पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत
हळूच तेलुगूत म्हणते, मधलं घ्या.
ती सगळं मधलंच घेत आली.
तांदूळ, पंखा, बहुतेक मलाही.

जवळचं स्वच्छ पाहिजे का लांबचं?
लांब काय आहे? पाच दिवसांनी येणारा नळ.
जवळ होता टब, वाफ, ओल्या सुताची लड,
बत्तीस वर्षं तेवढंच अंतर, एक हात.
जवळचं दे, म्हणालो.

मग ती म्हणाली, भिंगात रंग पण असतो,
एक जरा पिवळसर, उन्हाला बरं. एक अगदी पाण्यासारखं.

मी खुर्चीत सरळ बसलो.

अक्कलकोट रोडचा कारखाना, माझं शेवटचं वर्ष.
सातशे बारा नंबरचा निळा. शेडकार्ड मी कधी काढलंच नाही,
कार्ड बघून करतो तो कसला रंगारी.
हिरवट वाटला, अजून रंग टाकायला लावला.
रेवणसिद्ध म्हणाला, अण्णा, जांभळा मारतोय ओ.
तुला डोळे आहेत का बे, म्हणालो, सगळ्यांसमोर.

दोनशे चादरी परत आल्या.
मी पावडरीवर ढकललं.
पावडर कालवणाऱ्याचा पगार कापला.
पावडर रेवणसिद्धनं कालवली होती.

त्यातली एक घरी आहे. रोज अंगावर घेतो.
मला ती निळी दिसते. स्वच्छ निळी.

पाण्यासारखं, म्हणालो. पिवळं नको.

जिना उतरता उतरता नरसम्माला म्हटलं,
ती चादर घडी घालून ठेव, पट्टी निघाली की बघू.
ती म्हणाली, बघायचं काय त्यात?
जांभळीच आहे की. पहिल्यापासून.
मग सांगितलं का नाहीस?
तुम्ही विचारलं कुठं.

खालच्या खिडकीत फॉर्मवर नातेवाइकाची सही.
विड्या वळून रेषा गेलेला अंगठा तिनं पॅडवर दाबला,
कागदावर उठवला, पदराला पुसला.
शाई कुठल्या रंगाची,
मी विचारलं नाही.