सातत्य

माझं काम होतं ग्लासातलं दूध लक्षात ठेवणं.
मागच्या शॉटमध्ये ते जिथवर होतं
तिथवरच पुढच्या शॉटमध्ये हवं.
टोपी तितकीच कलती, सिगारेट तितकीच जळलेली,
नाहीतर बघणाऱ्याला कळतं
की सगळं खोटं आहे.

जॉर्जियातल्या एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानात
आम्ही सोडा काउंटर पुन्हा उभं केलं होतं.
सिनेमा चांगला होता, म्हणजे चांगल्यांच्या बाजूचा.
आपण या देशापुढे आरसा धरतोय,
केसेल रोज सकाळी सांगायचा, तोंडात डोनट.
प्रसंग साधा.
लूशियस पेटवे स्टुलावर बसतो, कॉफी मागतो.
शेजारी दूध पीत बसलेला वॉरन हॅल्डेन
उठून त्याच्या तोंडात मारतो.
थप्पड खरी हवी, केसेल म्हणाला.
खोटी असली की मान आधीच वळते.

वॉरन गोड माणूस,
कुत्र्याशीसुद्धा अदबीनं बोलणारा.
पहिल्या टेकनंतर स्वतः बर्फ घेऊन धावला,
रुमालात बांधून, गुडघे टेकून :
लागलं का रे, फार लागलं का?
हे पटकथेत नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही.
तिसऱ्यानंतर नुसता खांद्यावर हात.
पाचव्यानंतर लांबूनच ‘सॉरी’,
सिगारेट पेटवता पेटवता.
(माझी नोंद : सिगारेट नवी. लांबी जुळवणे.)
सातव्यानंतर त्यानं घड्याळ पाहिलं.
आठव्यात लेन्सवर केस सापडला,
नववा डोक्यावरून गेलेल्या विमानात बुडाला.
दहाव्यानंतर वॉरन केसेलला म्हणाला,
लूशियसकडे न बघता,
‘त्याला सांगा ना जरा नीट बसायला. हलतोय तो.’

आणि मी, वहीवर पेन्सिल टेकवून,
मनात म्हटलं, खरंच, हलतो कशाला हा?
जेवणाची वेळ टळली होती.
डावा गाल सुजलेला,
आता पुढचा शॉट जुळणार नव्हता,
आणि मला राग आला तो
त्या गालाचा.

आपण ज्याला मारलं
त्याला माफ करणं फार जड जातं.
हे तेव्हा नाही सुचलं.
पुष्कळ वर्षांनी, भांडी विसळताना.

अकरावा टेक सगळ्यांना आवडला.
वॉरनचा हात शिकला होता,
त्याला आता वॉरनला विचारावं लागत नव्हतं.
हेच, हेच हवं होतं मला, केसेल टाळ्या वाजवत उठला.
वॉरन थेट जेवायला गेला.
लूशियस कुठे जेवायचा?
कोणाची टोपी कुठल्या खुंटीवर असते
हे झोपेतही सांगेन मी.
ते नाही सांगता येणार.

पडद्यावर मात्र दुसरा टेक लागला,
थरथरत्या हाताचा.
त्या थरथरीवर पेपरांतून लिहून आलं.
अकरावा डब्यात राहिला,
बघवत नाही म्हणे.

त्या संध्याकाळी लूशियस माझ्या खुर्चीशी आला.
वही बघू?
त्यानं पान सावकाश वाचलं.
दूध : काठाखाली दोन बोटं.
टोपी : डावीकडे.
त्याच्या रकान्यात : मार खातो. तसाच.
‘दुधाचं बरोबर आहे,’ तो म्हणाला.

मग त्यानं पोलरॉइड उचललं, मीच काढलेलं.
उजेड वॉरनच्या कातडीवर बेतलेला,
तसाच बेतायचा असं आम्हाला शिकवलं होतं.
वॉरनच्या भुवईचा केस न् केस मोजावा,
आणि शेजारी एक पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट,
कॉलरच्या वर काळोख.
बिघडलाय तो फोटो, मी म्हटलं.
त्यानं तो खिडकीकडे धरला, जरा तिरपा केला.
‘नाही, मीच आहे हा,
शर्टावरून ओळखतो मी.’

ठेवू का, त्यानं विचारलं.
मी नाही म्हटलं.
उद्या कॉलर जुळवायची होती.