स्टॉपवॉच

डॉक्टर पानसे म्हणाले, तलफ पाच मिनिटांची असते,
तेवढी काढा.
मी म्हटलं, घड्याळजीला पाच मिनिटं शिकवू नका.
पण त्यांचाच जिना उतरताना
कठड्याला धरून दोनदा थांबलो,
तेव्हा वाटलं, मोजून तरी बघू.

ड्रॉवरमध्ये एक स्टॉपवॉच होतं,
शाळेच्या पी.टी.च्या बाईंचं, दुरुस्तीला आलेलं.
कमान बदलली, तेल दिलं,
आणि पहिली तलफ लावली:
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
दुसरी, चार दहा.
चहानंतरची मात्र पावणेसात.
डॉक्टरांना कळवायला हवं.

पत्र्या मारुतीजवळ माझं दुकान, आठ बाय सहा,
समोर खंडूची टपरी.
बावीस वर्षं मी डोळ्याचं भिंग काढलं
की तो न विचारता एक पुढे करायचा.
खांबाला पेटती सुतळी,
रोज वीतभर जळायची,
रोज तो नवी बांधायचा.
आता मी मागच्या बोळातून येतो,
कर्ज बुडवल्यासारखा,
शटर अर्धंच उघडतो.

लवंग ठेवून पाहिली. जीभ अशी बधिर
की गिऱ्हाइकाला शुक्रवार सांगता येईना.
औषधाचं च्युइंगम कवळीला चिकटलं.
मेहुण्यानं प्राणायाम शिकवला,
श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा.
अहो, हेच तर करत होतो इतकी वर्षं.

मग कुमुदनं ज्येष्ठमध आणलं.
काडी दोन बोटांत बरोबर बसली.
एकदा खिडकीशी उभा राहून
तिची राख झटकत होतो, नसलेली,
ते तिनं पाहिलं.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी बरणी काठोकाठ.

अकराव्या दिवशी होनप गेला.
छातीचंच दुखणं.
वैकुंठात आत त्याचा धूर,
बाहेर आम्हा पाच जणांचा.
कुणीतरी पाकीट पुढे केलं, मी घेतली.
खोटं कशाला बोलू, फार छान लागली.
स्टॉपवॉच खिशातच होतं.
दाबायचं राहिलं.

रात्री झोप नाही. टेबलाशी येऊन बसलो,
दिव्याखाली ते पुन्हा उघडलं.
काटा शून्यावर आणायला
त्यात एक वेगळी तरफ असते, छोटी, हृदयाच्या आकाराची.
कितीदा साफ केली असेल मी ती चिमट्यात धरून.
ज्यानं हे यंत्र बनवलं
त्याला आधीच माहीत होतं,
माणसं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

गेल्या सोमवारी खंडू स्वतः आला.
मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं काउंटरवर.
उघडून पाहिलं, काही झालं नव्हतं.
म्हणाला, माझं काही चुकलं का?
मी ज्येष्ठमधाची काडी दाखवली.
तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला,
मग हिशेब केला मनातल्या मनात,
म्हणाला, महिन्याला दोन हजाराला बुडालो की ओ,
आणि हसला, आणि चहा पिऊन गेला.
संध्याकाळी दिवे लागताना पाहिलं,
सुतळी त्यानं पलीकडच्या खांबाला बांधली होती,
माझ्या काचेतून न दिसणाऱ्या.

आज एकतिसावा.
दुकानाला वास आहे हे मला आत्ता कळतंय:
तेलाचा, पितळेचा, जुन्या चामडी पट्ट्यांच्या घामाचा.
फार चांगला नाही. पण आहे.
चहानंतरची अजून साडेचार मिनिटं भरते.

बारा वाजता पी.टी.च्या बाई आल्या.
स्पर्धा तोंडावर आल्यात, म्हणाल्या, झालं का?
ते माझ्या खिशात चालू होतं,
दोन मिनिटं वीस सेकंद.
मी चष्मा वर सरकवला, वही उलटसुलट केली,
म्हटलं, पार्ट मिळत नाहीये, बाई.
पंधरा दिवसांनी चक्कर मारा.