कितवीत?

वेंगुर्ल्याला मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये
घरीच शिकवणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन.
भिंतीवरची जाळी कुणी उतरवली नव्हती,
सुकटीचा वास पंखा गोल गोल फिरवत होता,
आणि दारातल्या रांगोळीतल्या अ-वरून
पोरं केव्हाच धावून गेली होती.

मी देवगडहून आलेली. पिशवीत वही,
वहीत सत्तावीस प्रश्न, नंबर घालून.
निहारला शाळेतून काढल्यापासून
घरातली घंटा मीच झाले आहे.

पहिल्याच चहाला दाभोळच्या झुलेखा मुकादम म्हणाल्या,
"माझी धाकटी अकराव्या वर्षी वाचायला लागली.
तोवर मी रोज रात्री मोरीत नळ सोडून रडायचे."
एवढंच. मग बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
ते त्यांनी चमच्यानं शोधून खाल्लं.
माझा नववा प्रश्न तिथंच मिटला.

परीक्षेचा अर्ज कुठून भरायचा,
जन्मदाखल्यावर नाव चुकलं असेल तर काय,
हे कुडाळच्या एका बाईंनी फळ्यावर लिहून दिलं.
मी उतरून घेतलं. हेही लागतंच.
दुपारी आग्नेल फर्नांडिस उभे राहिले,
"मी जूनमध्ये मुलाला परत शाळेत घातलं.
जमलं नाही मला. तरी आलो, म्हटलं सांगावं."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
कुणी नजरही चुकवली नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, "जेवलात का?"

आणि मग माझ्या लक्षात आलं, निहार नाही.

धक्क्यावर सापडला. तांडेलांच्या केतकीबरोबर
पायऱ्यांवर उकिडवा बसून.
वजाबाकीचं पान फाडणारा माझा मुलगा
खडूनं दगडावर वेळा मांडत होता:
काल पाणी इथवर कधी आलं, आज कधी येईल,
रोज किती पुढं सरकतं.
मी मागं उभी. हातचा विसरला होता तो,
तासाची चूक, स्पष्ट दिसत होती.
जीभ दाताखाली धरली.
चार दहाला तिसरी पायरी भिजणार, असं त्याचं गणित.
चार दहा झाले. पायरी कोरडी.
पाणी आपल्या वेळेनं आलं, पाच वाजता,
खडूवरून अलगद गेलं.
तो म्हणाला, "थांब, हातचा!"
मला नाही, केतकीला.

रेशनच्या दुकानात विचारतात. औषधांच्या दुकानात विचारतात.
गणपतीत आरतीचं ताट हातात असताना विचारतात,
न्हावी कात्री कानाशी थांबवून विचारतो: कितवीत रे?
आणि निहार माझ्याकडे बघतो,
जणू उत्तर माझ्या पदरात बांधलेलं आहे.
त्या दोन दिवसांत कुणी विचारलं नाही.
हे मला परतीच्या एसटीत सुचलं,
तोवर मी फक्त एवढंच म्हणत होते,
की खांदे का बरं दुखत नाहीयेत.

वही उघडली. खूण केलेले प्रश्न चार.
तेवीस तसेच. समासात तीन फोन नंबर,
एक झुलेखाताईंच्या हातचा, शेजारी लिहिलेलं:
रात्री दहानंतरसुद्धा.

सांजवेळी कंडक्टर आला, पंच वाजवत.
"देवगड दोन. एक अर्धं."
त्यानं निहारला वरपासून खालपर्यंत मापलं.
"उंच दिसतोय. कितवीत?"

मी तोंड उघडलं. निहारनं माझ्याकडे बघितलंच नाही.
खिडकीबाहेर खाडी होती, चिखलात टेकलेली एक होडी.
"सध्या भांगात आहे," तो म्हणाला,
"पौर्णिमेला उधाणात जाईन."

कंडक्टरचा पंच हवेतच राहिला.
आचऱ्याचा असावा, नाहीतर तळाशिलचा,
कारण हसला तो आधी डोळ्यांनी.
अर्धं तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं.
"उधाणात गेलास की सांग हां.
तेव्हा फुल लावीन."