टॉकबॅक

सोहेल, वायरी गुंडाळायला तू आठ दिवसांत शिकशील.
माईक कुठे, किती कोनात, तेही.
पण हे लाल बटण बघ.
दाबलं की तुझा आवाज थेट तिच्या कानात,
काचेपलीकडे, जिथे ती एकटी उभी आहे.

टेक संपल्यावर तीन सेकंद गप्प राहिलास
तर त्या तीन सेकंदांत ती सगळी परीक्षा नापास होते.
आपण इकडे भज्यांवरून हसत असतो,
तिला दिसतात फक्त आपले दात.
म्हणून आधी बटण, मग भजी.
"झकास. पाणी प्या." एवढंही पुरतं.
आणि 'चुकलं' हा शब्द या खोलीत नकोच.
"अजून एक घेऊ, माझ्याकडे जरा खरखर आली," म्हणावं.
माझ्या नावावर किती खरखर जमा आहे, विचारू नकोस.

सिडकोतलं हे तळघर, वर दातांचा दवाखाना.
ड्रिल लागतं ते काळी पाचच्या जवळपास,
पण जवळपासच.
डॉक्टरीणबाईंना दर दिवाळीला दोन किलो चिवडा पोचवतो मी,
म्हणून त्या रूट कॅनाल चारनंतर घेतात.
यालाही साउंडप्रूफिंगच म्हणायचं.

एका मार्चमध्ये निकाळे जोडपं आलं, देवळाली गावातून.
चौदा एप्रिलच्या आत सहा गाणी हवी होती.
सिंधूबाई गाणार, रंगनाथराव पेटीवर.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस,
आयुष्यभर कोरी नोट उजेडात धरून
दोष शोधलेला.
आता बायकोच्या सुरात शोधत होता.
"अंतरा घसरला."
"श्वास कुठे घेतेस?"
सातव्या टेकला बाई गातच नव्हत्या,
त्याच्या भुवईकडे बघत होत्या.
मीटर हिरवं, सूर जागेवर,
गाणं नाही.

म्हटलं, रंगनाथराव, पेटी एकदम कडक झाली तुमची,
चौकातल्या टपरीवर चहा सांगून याल का?
आपला पोऱ्या आज आला नाही.
पोऱ्या तेव्हा नव्हताच कधी. तू तर आत्ता आलास.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
चपला शोधल्या.
आपलं दार वाजत नाही.
मिटलं की कानांवर नुसता दाब येतो.

मी आतला दिवा मंद केला.
"सिंधूबाई, हा नुसता सराव," म्हटलं
आणि रेकॉर्ड दाबलं.
हे बरोबर की कसं, ते अजून ठरवता आलेलं नाही मला.
नंतर सांगतो त्यांना, दरवेळी सांगतो,
तेवढं एक पाळलंय.

त्या गायल्या.
हात वर करून,
वस्तीतल्या स्टेजवर रात्री दोनला,
मागे जनरेटर धडधडत असताना गातात तशा.
मीटर दोनदा लाल झालं.
राहू दिलं.

चहा यायला चाळीस मिनिटं लागली.
टपरी इथून बारा पावलांवर.
रंगनाथराव आले, हातात किटली,
शर्ट पाठीला चिकटलेला, चहा पार निवलेला.
खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.
भुवई हलली नाही.
मग पेल्यांत ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आमचा सुपरवायझर असाच होता.
तपासणारा चिडचिडा झाला की म्हणायचा,
जा रे, शाईची गाडी आली का बघ.
गाडी यायची नसायचीच.
मी पण निवांत जायचो,
गेटवरच्या कडुलिंबाखाली उभा राहायचो."

बत्तीस वर्षं हे बटण दाबतोय मी, सोहेल,
आणि मला शब्द सुचेना.
तीन सेकंद. चार.
काचेपलीकडे सिंधूबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभ्या.

त्यांनीच वाकून बोट ठेवलं, बरोबर याच बटणावर,
कुणी न शिकवता.
"झकास झालंय," म्हणाले.
"बाहेर ये. चहा गारच आहे, पण आहे."